मोफत अभ्यासक्रमांच्या याद्या पाठवणं आता पुरे!

चौथा_मजला (धागाकर्ता)

नवी पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा ती यादी आली. खगोलशास्त्रापासून संगीतापर्यंत, विषयवार मोफत अभ्यासक्रम, आणि खाली 'गरजूंपर्यंत पोहोचवा'. पाठवणाऱ्याला विचारलं, यातलं तू काय पाहिलंस? तर म्हणे, "सेव्ह करून ठेवलंय, सर."

मी तिथे संध्याकाळी गणित शिकवतो, पैसे घेत नाही, म्हणून जरा अधिकाराने बोलतो. पटलं नाही तर भांडा. मोफत साहित्याचा तुटवडा केव्हाच संपलाय. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ साली ओपनकोर्सवेअर, म्हणजे आपल्या कोर्सांचं साहित्य नेटवर मोफत ठेवणारा प्रकल्प, जाहीर केलं. आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून २००३ मध्ये ऑनलाइन व्याख्यानांचं एनपीटीईएल सुरू केलं. आज एफवायला असलेली पोरं जन्मली तेव्हा हे सगळं आधीच खुलं होतं. तरी सदाशिव पेठेतल्या क्लासांबाहेर संध्याकाळी गाड्या लावायला जागा नसते. कारण कमी पडतोय तो माणूस. कुठून सुरू करायचं हे सांगणारा, आणि वहीत डोकं घालून "इथे चुकलास" म्हणणारा. यादीने उलट नुकसानच होतं, कारण लिंक जपून ठेवली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं.

आकडाच हवा तर घ्या. एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या साइटचा पहिलावहिला कोर्स, २०१२ मधला 'सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स'. नोंदणी सुमारे १,५५,००० आणि उत्तीर्ण सुमारे ७,०००. शंभरात पाचसुद्धा नाहीत.

तेव्हा सांगायचंच असेल तर स्वतः शेवटपर्यंत केलेला कोर्स सांगा. एकच. बाकी यादी डिलीट.

सातबारा

काका, सात हजार म्हणजे थोडे झाले का हो? एका प्राध्यापकाने दर वर्षी शंभर मुलं पास केली तरी सत्तर वर्षं लागतील. उरलेल्यांनी दोन व्याख्यानं पाहिली नि सोडून दिलं, तर कुणाचं काय बिघडलं? ग्रंथालयातून पुस्तक आणून अर्धं वाचून परत करणाऱ्याला आपण नापास म्हणत नाही.

आता यादीबद्दल. मी परांड्याहून पुण्यात आले. मानववंशशास्त्र नावाचा विषय असतो हे मला अशाच एका फॉरवर्डमधून कळलं. गावाकडच्या कॉलेजात आर्ट्सला जे चार-पाच विषय शिकवायचे, तेवढेच जगात आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही म्हणता एकच सांगा. पण तो एक कोणता हे ठरवायला आधी काय काय असतं ते दिसायला नको? तुम्हाला अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळून दिसत असेल. आमच्याकडे स्टँडवर फक्त गाईडं मिळायची. आज मी विद्यापीठात त्याच विषयात एमए करतेय.

आणि तुमच्याच त्या सर्किटच्या कोर्सात मंगोलियातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने पैकीच्या पैकी गुण घेतले होते. त्याला कुठल्या पेठेतला क्लास होता?

चौथा_मजला

होता! बरं झालं विषय काढलात. उलानबाटरमधल्या त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर. हा कोर्स आपल्या मुलांनी करावा हे त्यांनी ठरवलं. प्रयोग करून घ्यायला स्टॅनफर्डचा एक संशोधक विद्यार्थी उपकरणं घेऊन तिथे गेला. म्हणजे कोर्स फुकट, पण सोबतीला मास्तर, वर्गातली इतर मुलं आणि हातात खरं सर्किट. पोरगा हुशार होताच, त्याबद्दल वाद नाही. उदाहरण मात्र माझ्या पारड्यात पडतंय.

पुणेरी_पाटी

फुकट आहे म्हणून किंमत नाही. प्रत्येकी हजार रुपये घ्या, सगळे वेळेवर येतील.

खडू_संपला

@पुणेरी_पाटी, एनपीटीईएलने जवळपास तेच केलंय. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. २५ टक्के गुण दर आठवड्याच्या स्वाध्यायाचे, ७५ टक्के परीक्षेचे. शिवाय यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सांच्या साइटवरून करण्याची परवानगी विद्यापीठ देऊ शकतं. परिणाम काय झाला? स्वाध्यायांची उत्तरं मुदत संपायच्या आत यूट्यूबवर हजर. पैसे भरले की माणूस पास व्हायला शिकतो.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवतो (कुठल्या ते विचारू नका). धागाकर्त्याशी निम्मा सहमत आहे. आधी असहमतीचा निम्मा भाग, कारण तो जास्त महत्त्वाचा.

आमच्या मुलांना मॅट्रिक्सची (आकड्यांच्या चौकोनी मांडणीची) रँक काढता येते. ओळीतून ओळ वजा करत खाली शून्यं आणायची, उरलेल्या ओळी मोजायच्या, पूर्ण मार्क. रँक म्हणजे काय असं विचारलं की वर्ग पंख्याकडे बघतो. आता एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग यांचं लिनिअर अल्जिब्राचं पहिलं व्याख्यान बघा. चित्रण १९९९ चं आहे. फळा, खडू आणि एक माणूस, बाकी काही नाही. ते दोन समीकरणं घेतात: २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. शाळेत आपण दोन रेषा काढतो, त्या छेदतात तिथे उत्तर, क्ष = १, य = २. स्ट्रँगही रेषा काढतात, आणि मग आडवं वाचणं सोडून उभं वाचायला लावतात. क्ष चा स्तंभ (२, −१), य चा स्तंभ (−१, २). पहिला एकदा घ्या, दुसरा दोनदा घ्या, बेरीज करा. (०, ३) आलं की नाही? तीच उजवी बाजू. म्हणजे कुठला स्तंभ किती घेतला की उजवी बाजू तयार होते, हे शोधणं म्हणजे समीकरण सोडवणं. एवढं डोक्यात बसलं की रँकही कळते: आधीच्या स्तंभांच्या मिश्रणातून बनवता येणार नाहीत असे स्तंभ किती, ती रँक.

हे मी एमएस्सी होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं, फी भरलेल्या क्लासमध्येही नाही. कळलं ते फुकटात, रात्री मोबाइलवर.

आता सहमतीचा भाग. हे पाहिलेल्या विद्यार्थ्याला तीन अज्ञातांचं गणित दिलं तर तो गडबडतो. पाहून समजतं, हाताला सवय लागत नाही. ओपनकोर्सवेअरवर या कोर्सचे स्वाध्याय उत्तरांसकट आहेत, जुन्या परीक्षा आहेत. पण उत्तर समोर असताना आधी स्वतः सोडवायला जो संयम लागतो तो अठराव्या वर्षी कितीजणांकडे असतो?

पण काका, 'माणूस हवा' म्हणता तो माणूस मीच आहे ना! वर्गात साठ मुलं आणि पोर्शन संपवायची घाई. वहीत डोकं घालायला वेळ कधी मिळणार? समजावून सांगायचं काम स्ट्रँगसाहेबांनी केलं तर मी वह्या बघेन. म्हणून यादी डिलीट करा हे मान्य नाही.

वाई_ते_वाकड

"मराठीत काहीच नाही" असं कुणी लिहायच्या आत लिहून टाकतो. आमच्या वाईचा मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, फुकट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लाटेक, सायलॅब, पायथन वगैरे संगणकी साधनांचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजात आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' हे पडद्यावर करायचे प्रयोग मराठीतून चालवता येतात. भाच्याला विद्युतमंडलाचा दाखवला तर दिवा लावण्याऐवजी त्याने बॅटरी पेटवून दाखवली (तिथे शॉर्टसर्किट झालं की ज्वाळा दिसतात). बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. आणि अरविंद गुप्तांची साइट तर आपल्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेशी जोडलेली. टाकाऊतून खेळणी करायच्या फिती आणि मराठीसकट कितीतरी भाषांतली पुस्तकं, सगळं उतरवून घ्यायला मोकळं.

खरा खड्डा बारावीनंतर सुरू होतो. विश्वकोशात नोंद मिळते, पण ती वाचून पुढे सोडवायला दहा उदाहरणं मिळत नाहीत. पदवीच्या भौतिकशास्त्राचं मराठीतलं धड पुस्तक विकत मिळायची मारामार, फुकटाचं काय घेऊन बसलात. त्यामुळे 'माणूस की यादी' हा वाद इंग्रजी येणाऱ्यांचा आहे, असं माझं मत. रागावू नका.

परवाना_दाखवा

सगळे 'फुकट, फुकट' म्हणताय, पण दोन प्रकारचं फुकट एकाच पिशवीत भरताय.

एक, बघायला फुकट. एडएक्स एमआयटी आणि हार्वर्डने काढलं, २०२१ मध्ये ते ८० कोटी डॉलरना टूयू नावाच्या कंपनीला विकलं, आणि २०२४ मध्ये त्या कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. साइट चालू आहे, पण फुकट बघणाऱ्याला बऱ्याच कोर्सांत मुदत असते, परीक्षा पैसे भरणाऱ्यांना. नियम उद्या बदलले तर आपण कुणाकडे दाद मागणार?

दोन, घ्यायला फुकट. ओपनकोर्सवेअरवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे. नाव द्या, धंदा करू नका, आणि तुम्ही केलेलंही याच अटींवर वाटा, एवढं पाळलं की उतरवून घ्या, कॉपी करा, भाषांतर करा, कुणाला विचारायची गरज नाही. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्राची अख्खी पाठ्यपुस्तकं २०१२ पासून एकेक करत अशीच खुली झाली आहेत.

@वाई_ते_वाकड, तुमचा खड्डा भरायला कायद्याची आडकाठी नाही. हात कमी आहेत. (अवांतर: स्ट्रँग यांची व्याख्यानं खुली असली तरी त्यांचं पाठ्यपुस्तक विकतच घ्यावं लागतं. परवाना प्रत्येक गोष्टीचा वेगळा बघायचा.)

चौथा_मजला

चर्चा चांगली चाललीय, पण मुद्दा निसटतोय. खडू_संपला यांनी जे लिहिलं तीच माझी मागणी होती: एक व्याख्यान, एका माणसाने स्वतः पाहून, काय बघायचं ते सांगून. त्या एका परिच्छेदाने जे काम केलं ते तीनशे लिंकांनी झालं नसतं. मी 'यादी डिलीट' वर ठाम आहे.

तर येत्या शनिवारपासून अभ्यासिकेच्या गच्चीवर स्ट्रँग. व्याख्यान घरी पाहून यायचं, गच्चीवर फक्त गणितं. मी आणि खडूसाहेब (येताय ना?) वह्या बघू. न पाहता येणाऱ्याला परत पाठवणार.

खडू_संपला

येतो. पेपर तपासणी लागली तर मात्र दोन आठवडे सुट्टी.

सातबारा

गणिताच्या मंडळींचं बरं आहे, उत्तर मागच्या पानावर असतं. आमचं सांगते. ओपनकोर्सवेअरवर मानववंशशास्त्राचे कितीतरी कोर्स म्हणजे आठवडावार वाचनाची यादी आणि निबंधाचे विषय. व्हिडिओ नाही. लेखांचे हक्क प्रकाशकांकडे, त्यामुळे लेखही नाहीत. मी काय करते, ती यादी घेऊन जयकर ग्रंथालयात जाते आणि मिळेल ते काढते. जे मिळत नाही त्याच्या जवळचं काहीतरी शोधगंगा या साइटवरच्या पीएचडी प्रबंधांत सापडतं. म्हणजे बघा, मला मिळालेली फुकटची गोष्ट हीसुद्धा यादीच आहे, आणि तीच कामाची आहे. कुठल्या क्रमाने काय वाचायचं हे ठरवायला कुणीतरी आयुष्य घातलेलं असतं.

निबंध मी लिहिते. तो बरा की वाईट हे मला कुठलंही संगणकी प्रश्नपत्र सांगत नाही, तिथे मात्र तुमचं म्हणणं मला शंभर टक्के लागू. पण म्हणून तुमच्या गच्चीवर येऊन मी स्तंभांच्या बेरजा कशाला करू?

कुणाला दर आठवड्याला दोन पानं वाचून त्यावर लाल शाई चालवायची हौस असेल तर कळवा. मानधन नाही. मेसचं एक ताट देऊ शकते.

पुणेरी_पाटी

आधी मेस कुठली ते सांगा. मग विषयाचं बघू.