मदत हवी आहे: 'सेफ हार्बर'ला मराठी शब्द सुचवा

नमस्कार मंडळी. ॲरिझोनातल्या चिरिकाहुआ लेपर्ड बेडकावर मराठीत लिहितेय. घोरल्यासारखा ओरडणारा, मांडीमागे बारीक पांढुरके ठिपके असलेला हा बेडूक २००२ पासून कायद्याने संरक्षित आहे. ओढे आटले, बुलफ्रॉग (बाहेरून आणलेले मोठे, खादाड बेडूक) घुसले. आता बऱ्याच ठिकाणी तो गुरांसाठी खणलेल्या तळ्यांत तग धरून आहे. म्हणजे रँचवाल्यांच्या भरवशावर. बेडूक सापडला की निर्बंध येतील, ही त्यांची धास्ती (मला तरी रास्त वाटते). म्हणून सरकारने जमीनमालकांशी केलेले सेफ हार्बर करार: स्वखुशीने बेडूक सांभाळा, संख्या वाढली तरी जादा बंधनं नाहीत, पुढे करारावेळच्या मूळ स्थितीवर परतायचीही मुभा.

याला मराठीत काय म्हणू? 'अभय करार' सुचलं, पण ते थकबाकी माफीसारखं वाटतं. आणि आपल्याकडे, आंबोलीच्या बाजूला वगैरे, जमीनमालकांशी असं काही कुणी केलंय का?