मदत हवी आहे: जुनी साब ९०० कन्व्हर्टिबल – टर्बो घ्यावी की साधं इंजिन?

नमस्कार मंडळी,

छत उघडणारी जुनी गाडी घ्यायची इच्छा कित्येक वर्षं मनात आहे. पहिल्या पिढीची साब ९०० (स्वीडिश कंपनी साबची गाडी) घ्यायची हे नक्की झालंय. आता दोन गाड्यांपाशी येऊन अडलोय, आणि जाणकारांचं मत हवंय.

पहिलीत २.१ लिटरचं, टर्बो (एग्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं इंजिन आहे, १४० अश्वशक्तीचं. दुसरीत २.० लिटर, १६ व्हॉल्व्ह टर्बो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नसल्याने कागदावर १७५ अश्वशक्ती. दोन्ही मॅन्युअल.

चालवताना फरक लगेच जाणवला. साधं इंजिन पाय दाबताच प्रतिसाद देतं, पण पुढे फार काही घडत नाही. टर्बोत खालच्या आरपीएमला गाडी जड वाटते. मग बूस्टचा (टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाचा) काटा हलतो आणि पाठीमागून कुणी ढकलावं तशी ती सुटते. खरं सांगतो, ते फार आवडलं.

पण माझा वापर पाहता प्रश्न पडतो. छत उघडून निवांत फिरणं, अधूनमधून लांबचा प्रवास, त्यात थोडा घाटरस्ता. छत उघडं असताना वारा इतका येतो की वेग आपोआप बेताचाच राहतो. जादा ताकद कामी येईल ती चढावर आणि ओव्हरटेक करताना. तेवढ्यासाठी टर्बोची काळजी अंगावर घ्यावी का?

काळजी मुख्यतः उष्णतेची. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या घरात फिरते आणि बेअरिंगला आधार फक्त ऑइलचा. जोरात चालवून लगेच इंजिन बंद केलं की आत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कार्बन होतो. आधीच्या मालकांनी ही शिस्त पाळली का, कसं कळणार? साध्या इंजिनाच्या गाडीची सर्व्हिसची पूर्ण फाइल आहे, टर्बोची फक्त अलीकडची बिलं. शिवाय टर्बो काही वेळ आयडलवर ठेवून रेस केली की निळसर धूर दिसतो. विकणारे म्हणतात, जुन्या गाडीला एवढं चालायचंच. मला ते पटलेलं नाही.

कल साध्या इंजिनाकडे आहे, मन टर्बोकडे. ज्यांनी यातलं एखादं इंजिन बरीच वर्षं सांभाळलंय त्यांनी कृपया सांगावं: धुराचं मूळ टर्बोत आहे की इंजिनात, हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं? आणि मी चुकीच्याच गोष्टीची काळजी करतोय का?

—

प्रतिसाद:

काळजी रास्त आहे, पण क्रम बदला. या गाडीत टर्बोपेक्षा गिअरबॉक्सला जास्त जपावं लागतं. ९०० मध्ये तो इंजिनाच्या खाली बसवलेला आहे. क्लच पुढच्या बाजूला असल्याने इंजिन न उतरवता बदलता येतो, पण गिअरबॉक्स उघडायचा तर इंजिनासकट सगळं बाहेर काढावं लागतं. टर्बो बदलणं त्यामानाने किरकोळ. टर्बोच्या जादा टॉर्कचा भार याच गिअरबॉक्सवर येतो, म्हणून तो आधी तपासा. पाय दाबल्यावर आणि सोडल्यावर घरघरीचा सूर बदलतो का, अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गिअर निसटतो का, हे बघा. शक्य असेल तर गिअरबॉक्सचं थोडं ऑइल काढून त्यात धातूचा चुरा आहे का तेही पाहा.

आता धूर. उतारावर गिअरमध्ये पाय सोडून गाडी जाऊ द्या आणि खाली पोचल्यावर पाय दाबा. तेव्हा भपकन धूर आला तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर (व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारं रबर). सलग बूस्टवर येत राहिला तर टर्बो किंवा पिस्टन रिंग, आणि रिंगचा निकाल कॉम्प्रेशन टेस्ट नि लीकडाउन टेस्टने (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो आणि किती गळतो, हे मोजून) लागतो. तुम्ही म्हणता तसा आयडलनंतरचा धूर दोन्हीकडून येऊ शकतो. म्हणून इंजिन थंड असताना टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढून दांडी बोटांनी हलवून बघा. आडवी किंचित हलली तर ठीक, कारण तिची बेअरिंग ऑइलवर तरंगतात. आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती कडेला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो गेलाय असं धरा. क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या खालच्या भागातला दाब बाहेर सोडणारी नळी) तुंबलेला नाही ना, तेही बघा. तो तुंबला की चांगला टर्बोही ऑइल सोडतो आणि उगाच बदलला जातो.

पूर्ण फाइल असलेल्या गाडीला मी नेहमीच झुकतं माप देईन. तरी दोन्हींच्या ड्राइव्हशाफ्टजवळच्या पत्र्यात आणि दारांच्या खालच्या कडेला गंज किती आहे, तो आधी कळवा. तो टर्बोत कमी निघाला आणि गिअरबॉक्स शांत असेल, तर माझं उत्तर बदलेल.