अनुभव धागा: शिकवता शिकवता तुमच्यात काय बदललं?

हा धागा शिक्षकांसाठी. ‘मुलं म्हणजे देवाघरची फुलं’ छापाचं काही नको, पहिल्या नंबरांच्या यशोगाथाही नकोत. वर्गातल्या कुठल्या गोष्टीमुळे तुमची एखादी सवय किंवा स्वभाव बदलला, तेवढं सांगा. गोष्ट बारीक असली तरी चालेल. बहुतेक बारीकच असतात.

गणित, सहावी-सातवी

माझा बरोबर उत्तरावरचा विश्वास उडाला. ०.३५ आणि ०.४ यांत मोठं कोण, असं विचारलं की काही मुलं ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे. ही चूक सगळ्याच गणिताच्या शिक्षकांच्या ओळखीची आहे. मला हादरवलं ते ०.४ म्हणणाऱ्या एका मुलीने. सहज विचारलं, ‘कशावरून?’ तर म्हणे, ‘बाई, दशांश चिन्हाच्या पुढे जितके कमी आकडे, तितकी संख्या मोठी.’ शतांश हे दशांशापेक्षा लहान, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. त्यावरून तिने आपला नियम बनवला होता आणि तो तिला पूर्ण गुण मिळवून देत होता!

तेव्हापासून मी दोन जोड्या एकत्र देते: ०.४ व ०.३५, आणि ०.४५ व ०.३. पस्तीसवाला पहिल्या जोडीत अडकतो, दुसरीत सुटतो. कमी आकडेवाली पहिलीत सुटते, दुसरीत अडकते. दोन्ही बरोबर आली तरच पुढे जायचं. शिवाय ‘पॉइंट पस्तीस’ असं वाचू देत नाही, ‘पॉइंट तीन पाच’ म्हणायला लावते. घरीसुद्धा कुणी माझं म्हणणं चटकन मान्य केलं की ‘कशावरून?’ विचारते. घरच्यांना ही प्रगती फारशी आवडलेली नाही.

विज्ञान, आठवी

माझ्यात बदल झाला तो गप्प बसण्याचा. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातल्या प्रश्नोत्तरांचं मोजमाप केलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असं त्यांना दिसलं. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. वाचायला सोपं आहे. फळ्यापाशी उभं राहून तीन सेकंद काढून बघा, किती लांब वाटतात ते!

एकदा विचारलं, एवढ्या मोठ्या झाडाचं वजन आलं कुठून? पहिल्या बाकांवरून लगेच: मातीतून. मी काहीच बोललो नाही. ‘बरोबर’ नाही, ‘चूक’ नाही. कुजबुज झाली, मग मागून एक आवाज आला: ‘सर, मग झाडाखाली खड्डा का पडत नाही?’

त्या दिवशी नेमून दिलेला धडा राहिला. सतराव्या शतकातल्या व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याने कुंडीत २०० पौंड वाळलेली माती घेऊन ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे १६९ पौंडांचं झालं, मातीत घट झाली जेमतेम २ औंसांची, म्हणजे पौंडाच्या आठव्या हिश्शाची. सगळं वजन पाण्याचंच, असा निष्कर्ष त्याने काढला. झाडाच्या सुक्या वजनाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे त्याला कळणं शक्य नव्हतं. ‘म्हणजे लाकूड हवेचं असतं?’ यावर वर्गात जो गोंगाट झाला, तो मी मुद्दाम थांबवला नाही.

पहिली-दुसरी

मोठ्या गोष्टी नाहीत माझ्याकडे. डावखुरं मूल वर्गात आलं की आता आधी बाक बघते. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायचं, म्हणजे शेजारच्याच्या कोपराला कोपर लागत नाही. वही शरीराच्या जरा डावीकडे, वरची कड उजवीकडे कललेली. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायची, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि हातानं पुसलं जात नाही. एवढ्यावर ‘अक्षर घाणेरडं’ ही निम्मी तक्रार मिटते. उलटी अक्षरं या वयात पुष्कळ मुलं काढतात, त्यावरून पालकांना लगेच घाबरवू नये.

इतिहास

आवाज! बाकी काही नाही. वर्गाच्या वर आवाज चढवणं सोडलं. एका ठरलेल्या जागी जाऊन उभा राहतो आणि शांत होईपर्यंत सुरू करत नाही. घसा बसल्यावर जोर लावून कुजबुजू नका, त्यानेही ताण पडतो. आवाज आठवडे उलटूनही सुटला नाही तर काढे पुरे, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

भाषा, नववी-दहावी

निबंधांवर मी आधी फक्त शेरे लिहिते, गुण नंतर वेगळे सांगते. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचा १९८८ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांचं मात्र सुधारलं नाही. मुलांना वही परत देताना बघितलं की कारण कळतं. नजर आकड्यावर, मग शेजारच्याच्या आकड्यावर, वही बंद. माझा तासभर लिहिलेला शेरा दप्तरात.

आता दर वेळी एकाच परिच्छेदावर शेरा देते, आणि तो तिथेच, वर्गात, पुन्हा लिहून घेते. बदल माझ्यात असा की शेरे आखूड झाले. पूर्वी ते मीच माझ्यासाठी लिहीत असे, अशी शंका येते.

इंग्रजी, सातवी

विज्ञानाच्या सरांना एक विचारायचंय. तीन सेकंद थांबलं की तुमची मुलं विचार करतात, माझी बाक वाजवतात. मग मी ते थांबणं वहीवर नेलं. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी एक ओळ लिहायची, मग नाव मी पुकारणार. हात वर करणं बंद. लिहिलेलं समोर असतं, त्यामुळे बुजरी मुलं निदान वाचून तरी दाखवतात. ज्यांचे हात कायम वर असायचे, त्या पहिल्या बाकावरच्या दोघी मात्र माझ्यावर अजून नाराज आहेत. त्यांचं काय करू, कुणी सांगेल का?