अनुभव धागा : कॉलेजचं गणित तुम्ही कसं काढलं?

बारावीपर्यंत गणितात पुढे असलेली आपल्याकडची पोरं बीएस्सीच्या रिअल अ‍ॅनालिसिसला नाहीतर इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) अडतात. तुम्ही कसे निघालात ते लिहा. ‘मेहनत करा’ नको, वहीत नेमकं काय केलं ते सांगा.

दारव्हा तालुका, बीएस्सी
लिमिटची एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या पाठ होती, वापरता येत नव्हती. सरांनी एकच गणित दिलं : एक्स २ कडे जातो तेव्हा एक्सचा वर्ग ४ कडे जातो, सिद्ध कर. वर्ग वजा ४ चे अवयव पाडले, (एक्स − २) आणि (एक्स + २). डेल्टा म्हणजे एक्स २ पासून किती लांब जाऊ द्यायचा ते अंतर, एप्सिलॉन म्हणजे वर्ग ४ पासून किती लांब चालेल ते. म्हणजे पहिला अवयव डेल्टाच्या ताब्यात. दुसऱ्याला आवरायचं कसं? एक्सला २ पासून १ च्या आतच ठेवलं, तर तो ३ च्या खाली राहतो आणि दुसरा अवयव ५ च्या खाली. म्हणून डेल्टा हा १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतला लहान. तो ५ कुठून आला हे कळलं आणि विषय उघडला. तेव्हापासून सिद्धतेत असा आकडा आला की पुस्तक मिटायचं आणि तो आपण काढायचा. अडलं तर एकच ओळ पाहायची, परत मिटायचं.

आर्वीजवळचं गाव, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला
आमचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलंच नसतं आणि समोर लाप्लास ट्रान्सफॉर्म. गाडी अडते ती पार्शल फ्रॅक्शन आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्सवर. आधी तेवढंच पक्कं करा.

गडचिरोली जिल्हा, एमएस्सी
रेंज नसते, म्हणून एनपीटीईएलची (आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत ऑनलाइन) लेक्चरं कॉलेजातच उतरवून आणायचो. पुस्तकं इंग्रजीत, पण आम्ही मैत्रिणी एकमेकींना मराठीतच समजावायचो. एकीनं मांडायचं, बाकीच्यांनी दर पायरीला विचारायचं, “काहून?” १ + १/२ + १/३ + … अशी न संपणारी बेरीज कुठल्याही आकड्यापलीकडे वाढतच का जाते? १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढचे चार मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. असे गट संपतच नाहीत. हे बोलून दाखवल्यावर परीक्षेत आठवावं लागलं नाही.

मोर्शीकडची, आता शिकवते
हिवाळी परीक्षा आणि कापूस वेचणी एकाच वेळी येते, बाई. वेचणीच्या दिवसांत मी नवीन काही घेत नसे. पहाटे जुनीच गणितं कोऱ्या कागदावर, उत्तर न पाहता. नवा भाग पोळ्याच्या आधीच उरकलेला असे.

पुसद
कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसमधल्या कंटूर इंटिग्रेशनचं कोणी लिहाल का? रेसिड्यू काढता येतो, पण कोणता कंटूर (ज्या वाटेवरून इंटिग्रेशन करायचं ती) घ्यायचा हे कशावरून ठरवता?