मदत हवी आहे: डाव्या अंडकोषात सारखं दुखतं, कुणाला दाखवू?

मंडळी, विषय अवघड जागेचा, घरीही बोललो नाहीये. वय 34, दिवसभर उभ्याचं काम. 3 महिन्यांपासून डावा अंडकोष ठणकतो. संध्याकाळी जड वाटतो, आडवं पडलं की उतरतं. गाठ हाताला लागत नाही, ताप नाही, लघवीला जळजळ नाही. मेडिकलवाल्याने गोळी दिली. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. अचानक असह्य कळ आणि उलटी झाली तर पीळ पडलेला असू शकतो, 6 तासांच्या आत हॉस्पिटल गाठायचं, एवढं माहीत आहे. पण हे येऊन-जाऊन दुखणं? व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगणं, असेल का? थेट युरॉलॉजिस्ट गाठू की आधी फॅमिली डॉक्टर? सोनोग्राफी लागतेच का? अनुभव असेल तर सांगा, इथे लाज वाटली तर मेसेज करा.