३३५५०३३६ परफेक्ट आहे हे सगळे विभाजक न मांडता कसं दाखवायचं?

काटकोन७:
परफेक्ट म्हणजे परिपूर्ण संख्या, जिच्या ती स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते. ६, २८, ४९६, ८१२८ इथपर्यंत ठीक आहे, विभाजक लिहिले, बेरीज मारली, झालं. पण पाचवी परिपूर्ण संख्या एकदम ३३५५०३३६ वर जाते, तिचे ती स्वतः धरून २६ विभाजक, ते मांडत बसलं तर डोकं उठेल. काही शॉर्टकट? आणि हिच्या अंकांची बेरीज २८ येते, जी स्वतःच परफेक्ट! योगायोग की काही भानगड आहे?

शून्यलब्धी:
आधी अवयव पाडा. २ ने १२ वेळा भाग जातो आणि ८१९१ उरतात, ही मूळ संख्या आहे. मग सगळ्या विभाजकांची बेरीज म्हणजे (१+२+४+...+४०९६) × (१+८१९१), पहिला कंस ८१९१ आणि दुसरा ८१९२, गुणाकार ६७१००६७२, म्हणजे आपल्या संख्येच्या बरोब्बर दुप्पट, त्यातून ती स्वतः वगळली की तीच उरते. ही युक्लिडची युक्ती. सम परफेक्ट संख्या या रूपाशिवाय (२ चा एक घात गुणिले त्याच्या दुपटीपेक्षा १ ने कमी असलेली मूळ संख्या) दुसऱ्या कुठल्या रूपात येऊच शकत नाही हे पुढे ऑयलरने दाखवलं. विषम परफेक्ट संख्या असते का, याचं उत्तर मात्र अजून कोणाकडेच नाही.

काटकोन७:
भारी. पण ८१९१ मूळ आहे हे कसं ठरवायचं, ९० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून?

घातांकी:
एकच भागाकार पुरतो हो. ८१९१ म्हणजे २ चा १३ वा घात वजा १, आणि १३ मूळ असल्यामुळे हिचा कुठलाही मूळ विभाजक २६ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असावाच लागतो, म्हणजे २७, ५३, ७९ एवढेच उमेदवार. २७ मूळ नाही. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यायला हवी, ५३ ची ५ येते, तोही गेला. उरला ७९, आणि ७९ × १०३ = ८१३७, बाकी ५४. संपला विषय!
पण घातांक मूळ म्हणजे संख्याही मूळ असं धरून चालू नका, ११ ला २०४७ येते आणि ती २३ × ८९ निघते. ८१२८ नंतर एवढी मोठी उडी पडते ती यामुळेच.

शून्यलब्धी:
२८ चं म्हणाल तर निव्वळ योगायोग, ४९६ आणि ८१२८ दोघींच्याही अंकांची बेरीज १९ येते. पण ६ सोडून सगळ्या सम परफेक्ट संख्यांना ९ ने भागलं की बाकी १ च उरते, ते मात्र सिद्ध करता येतं. शेवटचा अंक आलटून पालटून ६, ८, ६, ८ येतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, पाचवीचा ६ आणि सहावीचाही (८५८९८६९०५६) ६ च आहे.

घातांकी:
मला तर ३३५५०३३६ चं बायनरी रूप जास्त आवडतं, आधी सलग १३ एक आणि मग १२ शून्य. शिवाय १ पासून १२७ पर्यंतच्या सगळ्या विषम संख्यांच्या घनांची बेरीज केली तरी हीच येते, आणि १ ते ८१९१ सरळ बेरीज केली तरी हीच!