मदत हवी आहे: ॲनिमेवरचा (म्हणजे जपानी कार्टूनवरचा) खऱ्या नटांचा कोणता सिनेमा दाखवू?

मंडळी, मालवणात सध्या मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, पाऊस काही हटत नाही. भाचा नि त्याचे मित्र आमच्या ओटीवर जमतात आणि रोज एकच वाद: खरे नट घेऊन केलेला ॲनिमेचा सिनेमा कधी जमतो का? पोरं २००९चा 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन' आणि २०१७चा 'डेथ नोट' हे फसलेले सिनेमे काढून मला गप्प करतात. (दुसऱ्यात गोष्ट जपानमधून उचलून थेट सिॲटलला नेली आहे, मग मी तरी काय बोलणार!)

माझं हुकमाचं पान म्हणजे २०१२चा जपानी 'रुरोनी केन्शिन'. तलवारबाजीला काय वेग आहे! आणि त्यातला नायक ताकेरू सातो फॅन्सी ड्रेसमधला वाटत नाही, हे महत्त्वाचं. २०२३चं 'वन पीस' जमलं, पण ती मालिका. पात्रं उलगडायला आठ भाग मिळाले. दोन तासांत ते होणं नाही, असं पोरांचं म्हणणं.

तर अजून एखादा सिनेमा सुचवा ना. मारामारी नसली तरी चालेल, पण मूळ ॲनिमे न पाहिलेल्या माझ्या आईलाही कळायला हवा. हिंदी डबिंग असेल तर फारच बरं, ती सबटायटल वाचत बसणार नाही.